चालतंय तर हात कशाला लावायचा? (एसक्यूएल सर्व्हर २०१६)

भोसरीकर: आमच्या कारखान्यात जॉबवर्कची चलानं, स्टोअर, डिस्पॅच, सगळं व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) मध्ये लिहिलेल्या एका प्रोग्रामवर चालतं. खाली सगळा डेटा सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर २०१६. त्याचा सपोर्ट १४ जुलै २०२६ ला संपतो. मेनस्ट्रीम, म्हणजे नेहमीच्या सुधारणांचा सपोर्ट तर २०२१ लाच संपला, आता फक्त सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या). मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "आत्ताच कॉम्प्रेसर बदललाय, आता हे काय नवीन?" नवीन कसलं? दहा वर्षांचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठरलेला आहे. लेथचा घसारा दरवर्षी धरतो, मग याचा का नको?

जुनं_खोड: कारण लेथ झिजते, डेटाबेस झिजत नाही. तारीख विकणाऱ्याने ठरवलेली, त्याच्या सोयीने. १५ जुलैला चलानं छापायची थांबणार आहेत का? पॅचचं कौतुक मला सांगू नका. २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसमध्ये अडकलेली बहुतेक मशिनं विंडोज ७ ची, म्हणजे सपोर्ट चालू असलेली. पॅच मार्चमध्ये आला, हल्ला मेमध्ये झाला. लावलाच नव्हता कुणी! सर्व्हरचं इंटरनेट काढा, बॅकअप रोज बाहेर न्या, आणि निवांत झोपा.

भोसरीकर: काका, पॅच असून लावला नाही तर तो आपला आळस. पॅच येणारच नसेल तर शिस्तीचा माणूस तरी काय करणार? आणि इंटरनेट काढू म्हणता, पण ज्या पीसीवरून पोरगा ई-वे बिल काढतो तो त्याच नेटवर्कवर आहे. पैसे भरून आणखी तीन वर्षं सुरक्षेचे पॅच मिळतात म्हणे, पण ते म्हणजे भाड्याच्या घराला रंग देणं.

सातारची_सून: मी हे काम करते, म्हणून लिहिते. २०१६ चा बॅकअप २०२२ वर सरळ रिस्टोअर होतो, कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कुठल्या आवृत्तीसारखं वागायचं ते सेटिंग) जुनीच, २०१६ ची १३० ठेवता येते. एका क्लायंटकडे दिवाळीच्या सुट्टीत केलं. डेटाबेस तासाभरात उभा, पण तीन दिवस खाल्ले डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने! नवीन ड्रायव्हरवर छापील चलानातली रक्कम एक ओळ खाली सरकायची, थेट सहीच्या जागेवर. गेटवर ट्रक उभा आणि आम्ही मार्जिन मोजतोय. अजून एक, हा रस्ता एकतर्फी आहे. नव्यावर एकदा एंट्र्या सुरू झाल्या की तिथला बॅकअप जुन्यावर चढत नाही. मागे फिरायचं तर किती वाजेपर्यंत, ते आधी लिहून ठेवा.

जुनं_खोड: बघा! खर्च डेटाबेसचा नाहीच, आजूबाजूच्या लटांबराचा आहे. बाय द वे, व्हीबी ६ च्या एडिटरचा सपोर्ट २००८ लाच गेला, त्याची कुणाला फिकीर नाही.

सातारची_सून: प्रोग्राम चालायला लागणारं रनटाइम विंडोज ११ वरही चालतं, काका. पण चलानाची ती ओळ वर घ्यायची तर सोर्स कोड लागेल. भोसरीकर, तो कुणाकडे आहे?

भोसरीकर: एका सीडीवर आहे असं ऐकून आहे. अकाउंट्सच्या कपाटात. उद्या चावी मागतो.