मदत हवी आहे : क्वार्टरबॅकची पारख करताना नेमके काय पाहावे?

नमस्कार. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात, त्या ड्राफ्टआधी कॉलेजच्या खेळाडूंची टिपणे काढण्याचा मला छंद आहे. मात्र क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या, बाबतीत माझा अंदाज हटकून चुकतो. कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद घेणारा टॉम ब्रॅडी २००० साली १९९ वा निवडला गेला, आणि २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी तर अगदी शेवटचा, २६२ वा. तरी दोघेही पुढे यशस्वी ठरले. तेव्हा नुसत्या घड्याळावर विसंबण्यात अर्थ नाही, एवढे कळले. पण सामन्याचे चित्रण पाहताना, पहिला रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) बचावपटूंनी झाकल्यावर क्वार्टरबॅकची नजर स्वतःहून दुसऱ्याकडे वळली, की प्रशिक्षकाने आखलेल्या चालीमुळेच तो दुसरा मोकळा सापडला, हे कसे ओळखावे? शिवाय भक्कम ऑफेन्सिव्ह लाइनमागे (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीमागे) निवांत उभे राहायला मिळालेल्याची दडपणाखालची कुवत कशावरून जोखावी? जाणकारांनी एखाद्या उदाहरणासह सांगितल्यास आभारी राहीन.