मंद मतलई वाऱ्यात वेक टर्ब्युलन्स (विमानामागे उरणारे हवेचे भोवरे) धावपट्टीवरच का रेंगाळतो?

प्रश्न
गोव्याचा दाबोळी विमानतळ, जानेवारीतली सकाळ. वारा ०५० अंशांवरून (ईशान्येकडून) ४ नॉट (ताशी सागरी मैल), उतरणं धावपट्टी २६ वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून. पुढे एअरबस ३२०, मागे आमचं छोटं डॉर्निअर २२८. हवा इतकी शांत असताना पुस्तकं हीच परिस्थिती वाईट का म्हणतात?

उत्तर १
पंखांच्या टोकांमागचे दोन भोवरे मिनिटाला ३०० ते ५०० फूट खाली येतात. जमिनीशी आले की पुढे जागाच नाही, मग दोन बाजूंना २-३ नॉटने पांगतात. आता तुमचा वारा फोडून बघा : मागून साडेतीन, उजवीकडून २. उजवा भोवरा बाहेर निघू बघतो आणि वारा त्याला जवळपास तितक्याच वेगाने आत रेटतो. झालं, तो धावपट्टीवरच अडकला. डावा मात्र दुप्पट वेगाने पसार. त्यात मागचा वारा अडकलेल्या भोवऱ्याला ३ मिनिटांत सुमारे ३२० मीटर पुढे नेतो, म्हणजे एअरबसने जिथे चाकं टेकली त्याच्याही पलीकडे. 'पुढच्या विमानाच्या टचडाऊनच्या (चाकं टेकल्याच्या जागेच्या) पुढे उतरा' हा नियम इथे जेमतेम पुरतो.

उत्तर २
एक भर. विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) लोंबतोय म्हणून वरही वारा नाही असं धरू नका. पहाटे थंड हवेचा थर सड्यावर बसलेला असतो; खाली निवांत, ५०-६० मीटरवर वेगळाच वारा. शिवाय भोवरा जमिनीवरून उसळून परत वर येतो, त्यामुळे थोडं उंच राहिलं म्हणून सुटलो असं नाही.

प्रश्नकर्ता
मग करायचं काय? आणि दुपारी?

उत्तर १
वजनाच्या वर्गात एअरबस मध्यम, डॉर्निअर हलकं; मध्यममागे हलकं, म्हणजे रडारवर ५ सागरी मैल, नाहीतर ३ मिनिटं. 'पुढचं विमान दिसतंय' म्हटलंत की अंतर राखणं तुमच्या गळ्यात, म्हणून अशा सकाळी जास्तीचं अंतर आधीच मागून घ्या. एअरबसच्या उतरणीच्या रेषेच्या वर राहा, टेकायची जागा आणखी ३०० मीटर पुढे धरा. धावपट्टी लांब आहे, कंजूषपणा नको. धावपट्टीच्या उंबरठ्यावर (सुरुवातीला) विमान अचानक कलंडलं तर सावरत उतरायच्या नादी न लागता पॉवर लावून गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर.

दुपारी जांभा तापतो, वर उठणारी हवा भोवरे विस्कटते. खारा वारा आडवा १० नॉट असला तर वाऱ्याकडचा भोवरासुद्धा धावपट्टीची ४५ मीटर रुंदी पंधरा सेकंदांच्या आत ओलांडतो. अर्थात तेव्हा त्या वाऱ्यात विमान सरळ ठेवायचं काम तुमचं.