ठाण्यात चित्र विकत घ्यायचंय, पण भिंतीला ओल आहे. मदत हवी आहे

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. सोफ्यामागची भिंत रिकामी आहे आणि तिथे मॉलमधला छापील बुद्ध अजिबात नकोय. कुणीतरी हाताने काढलेलं खरंखुरं चित्र हवंय, फ्रेमसकट वीस हजारांच्या आत.

कापूरबावडीच्या ठाणे कला भवनात एका प्रदर्शनात तलावपाळीचं जलरंगातलं चित्र मनात भरलं. भर पावसात बांधून ठेवलेल्या होड्या, मागे कौपिनेश्वराचा कळस, आणि पाण्याच्या जागी बराचसा कागद नुसता कोराच सोडलेला. बायकोचं म्हणणं, कागदावरचं चित्र आपल्याकडे दोन पावसाळे काढणार नाही. भिंत पश्चिमेची आहे, जुलैत रंगाचे पापुद्रे सुटतात, त्यामुळे तिचं चूक म्हणवत नाही. तिला शेजारचं कॅनव्हासवरचं ॲक्रिलिक हवंय. (मला ती रंगांची दंगल वाटते, पण ते असो.)

काच लावली तर जलरंग टिकेल का? आणि किमतीत घासाघीस करतात का? चित्रकार स्वतः समोर बसलेले, भाजीसारखा भाव कसा करायचा? त्यापेक्षा सरळ मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जावं का?

प्रतिसाद:
त्या भिंतीवर कॅनव्हासही लावू नका, त्यालाही मागून बुरशी धरते. आधी बाहेरून गळती बंद करा किंवा आतली भिंत निवडा. जलरंगाला काच हवीच, पण कागद काचेला टेकता कामा नये. मध्ये आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी बुचं लावा म्हणजे हवा खेळेल. थेट ऊन मात्र टाळा, जलरंग उडतो.

घासाघीस नको, पण 'फ्रेमशिवाय कितीला द्याल?' असं विचारायला काहीच हरकत नाही. आवडलं तर थोडी आगाऊ रक्कम देऊन चित्राशेजारी लाल टिकली, म्हणजे 'विकलं गेलं'ची खूण, लावून घ्या. चित्र बहुधा प्रदर्शन संपल्यावरच हातात मिळतं. पावतीवर चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि चित्रकाराची सही घ्या. आणखी एक, चित्र तुमचं झालं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. पुढेमागे लग्नपत्रिकेवर वगैरे छापायचं मनात आलं तर आधी विचारा.

जहांगीरला जरूर जा, पण पाहायला. तिथल्या किमती ऐकून परत कापूरबावडीलाच याल. वारली चालत असेल तर बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये मेळा लागलेला असताना चक्कर मारा, थेट कारागिरांकडून घेता येतं.