सिंगापूरला घरकामासाठी गावाकडची ओळखीची बाई नेणं खरंच जास्त भरवशाचं आहे का?

मृण्मयी_सिं

बाळ होणार असलं, किंवा आईवडील मुक्कामाला येणार असले, की सिंगापुरातल्या मराठी घरांत एकच बोलणं सुरू होतं. एजन्सीची हेल्पर कोण कुठली, तिच्या हाती घर आणि मूल कसं द्यायचं? त्यापेक्षा आईच्या माहितीतली गावची कुणी आणू, तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येईल. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढते आहे.

हा ओळखीचा भरवसा येतो कुठून ते बघा. तिचा नवरा आपल्या काकांच्या शेतावर असतो, मुलीची फी आपली आई भरते, घर आपल्याच आळीत असतं. इथे काही बिनसलं तर तिकडे तिच्या माणसांना तोंड द्यावं लागेल, हे तिलाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. म्हणजे आपला सगळा भरवसा तिच्या अडचणीवर उभा आहे. याच अडचणीपायी ती पाठ दुखते म्हणून सांगत नाही, रात्री बाळासोबत जागून सकाळी पुन्हा ओट्याशी उभी राहते, आणि घरातलं कुणी वाईट वागलं तरी गप्प बसते. तक्रार करायची तर कुणाकडे? आईकडे, जी आपलीच आई आहे.

त्यात तिचा रविवार. फिलिपिनो बायका ऑर्चर्डच्या लकी प्लाझात भेटतात, म्यानमारच्या पेनिन्सुला प्लाझात. तमिळ बाईला लिटल इंडियात दुकानदारापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत आपली भाषा मिळते. साताऱ्याच्या बाईने कुठे जायचं? ती आपल्याच घरात बसते, आणि बसली म्हणजे भांडी घासतेच. जानेवारी 2023 पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैसे देऊनही रद्द करता येत नाही, ती द्यावीच लागते. पण बाहेर जायला ठिकाणच नसेल तर ही सुट्टी कागदावरच राहते.

पगाराचंही तेच. "निम्मे पैसे तिच्या नवऱ्याला तिकडे रुपयांत देतो, निम्मे परत जाताना एकदम देऊ" असं अगदी चांगल्या घरांतून ऐकलं आहे. 2019 पासून हेल्परचे पैसे मालकाने स्वतःकडे सांभाळून ठेवायला इथे मनाई आहे. पासपोर्टही तिच्याचजवळ हवा.

माझं मत असं की इथेच काम करत असलेली, घर बदलू पाहणारी हेल्पर बघावी. तिच्याशी आणि तिच्या जुन्या मालकिणीशी स्वतः बोलावं. आपल्या घराबद्दल सगळं खरं सांगावं, झोपायला बॉम्ब शेल्टरची खोली (इथल्या फ्लॅटमधली बिनखिडकीची छोटी खोली) मिळणार असेल तर तेही. अशी बाई आपल्याला पारखून येते. नको वाटलं तर ती नाही म्हणू शकते, आणि नाही म्हणू शकणारी बाई हो म्हणते तेव्हा त्या होकारावर मी जास्त विसंबते.

श्रीरंग_को

पूर्ण असहमत. तुम्ही ओळखीला सरसकट धाक ठरवलंत. आमच्याकडे कोल्हापूरहून आलेल्या ताई आमच्या मुलांच्या आत्याच झाल्या आहेत. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. तिची इंग्रजी कधीच गेली, हिंदीही गेली, उरली ती फक्त मराठी, तीही लहानपणची. रात्री उठून ती "म्हैस सुटली" म्हणते तेव्हा उत्तर देणारं माणूस लागतं. फिलिपिन्समधल्या इलोइलोची मुलगी मनाने कितीही चांगली असली तरी तिथे काय करणार?

एजन्सीवाल्या बाईला नाही म्हणता येतं, हेही अर्धंच खरं. पहिल्यांदा येणाऱ्या बाईवर तिकडच्या दलालाचं, प्रशिक्षणाचं, तिकिटाचं कर्ज असतं. ते तिच्या पगारातून महिनोन्‌महिने कापलं जातं. सिंगापूरच्या एजन्सीने तिच्याकडून जास्तीत जास्त दोन महिन्यांचा पगार फी म्हणून घ्यावा असा नियम आहे, पण मायदेशातल्या दलालाला तो लागू होत नाही. कर्जात बुडालेली बाई कुठल्या तोंडाने नकार देईल? आमच्या ताई एक पैसाही कर्ज न काढता आल्या, सगळा खर्च आम्ही केला.

मृण्मयी_सिं

श्रीरंग, कर्जाचा मुद्दा मान्य. म्हणूनच मी इथे आधीपासून काम करणारी बघा म्हणते, तिचं पहिलं कर्ज बहुधा फिटलेलं असतं. तुमच्या आईंसाठी मराठी माणूसच हवं, हेही पटतं. पण तुमच्या ताईंना इथे तुमच्याव्यतिरिक्त फोन करायला कोण आहे? खरंच विचारते आहे.

श्रीरंग_को

आमच्याच कॉन्डोतल्या दुसऱ्या एका मराठी घरातल्या काकू. आणि हेल्परांसाठीच्या मदत केंद्राचा नंबर आम्ही पहिल्याच दिवशी त्यांच्या फोनमध्ये घालून दिला, कसा लावायचा तेही दाखवलं.

अर्चना७९

एक व्यावहारिक गोष्ट. गावाकडून आणायची म्हणणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत. इथे काम करायच्या पहिल्या परमिटच्या वेळी वय किमान 23 आणि 50 च्या आत हवं, आणि आठ वर्षांच्या शाळेचा दाखला लागतो. आपल्या डोक्यात जी प्रेमळ, अनुभवी, पंचावन्न वर्षांची मावशी असते ती इथेच गळते. मग काही लोक तिला पाहुणी म्हणून टुरिस्ट व्हिसावर आणून कामाला लावतात. तो गुन्हा आहे, आणि पकडलं गेलं तर त्या बाईचंही नुकसान.

खर्चाचंही आधी बघा. सरकारला द्यायचा पाच हजार डॉलरचा बाँड, म्हणजे हमी, शिवाय नागरिक नसलेल्या बहुतेक कुटुंबांना दरमहा 300 डॉलर लेव्ही, म्हणजे हेल्पर ठेवण्याचा सरकारी कर. ही लेव्ही तिच्या पगारातून कापता येत नाही. विमा आणि दर सहा महिन्यांची वैद्यकीय तपासणी वेगळी.

निखिल_पी

तत्त्वज्ञान पुरे. माझी मुलगी सात महिन्यांची आहे, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसला. बाई गावची असो की मनिलाची, हॉलमध्ये आणि बाळाच्या खोलीत कॅमेरे लावणार. मुलीला बोलता येत नाही, तिच्या वतीने कॅमेऱ्यानेच बोलायचं. यात अपमान कसला? ऑफिसातही माझ्या डोक्यावर कॅमेरा असतोच.

वैदेही_कुलकर्णी

निखिल, ऑफिस सुटलं की तुम्ही घरी जाता. तिचं ऑफिस आणि घर एकच आहे. ती झोपते त्या खोलीत आणि बाथरूममध्ये कॅमेरा लावता येत नाहीच, आणि बाकी कुठे लावले आहेत ते तिला आधी सांगायला हवं. पण दिवसभर फोनवर बघत बसून "आत्ता फोनवर का बोलत होतीस" असा मेसेज पाठवणाऱ्या घरात चांगली हेल्पर टिकत नाही. टिकते ती दुसरीकडे जागा न मिळणारी.

आणि कॅमेऱ्याने आपोआप कुणी वाचत नाही. जुलै 2016 मध्ये पियांग न्गाई डॉन ही म्यानमारची 24 वर्षांची मुलगी इथल्या एका घरात उपासमार आणि मारहाणीने गेली, तेव्हा तिचं वजन 24 किलो होतं. त्या घरात कॅमेरे होते. मालकांनी तिच्यावर नजर ठेवायला लावलेले.

निखिल_पी

त्याच कॅमेऱ्यांच्या चित्रणामुळे मालकिणीला 2021 मध्ये 30 वर्षांची शिक्षा झाली, मालकिणीच्या आईलाही नंतर 14 वर्षांची. चित्रण नसतं तर बंद दारामागचं काय सिद्ध झालं असतं? तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे. कॅमेरा तिच्यासाठीही साक्षीदार असतो.

वैदेही_कुलकर्णी

ती गेल्यावर साक्षीदार झाला. जिवंत असताना तिला सुट्टीचा दिवस नव्हता, फोन नव्हता, शेजारणीशी बोलायची मुभा नव्हती. यातलं एखादं जरी असतं तरी कुणाला तरी कळलं असतं. त्यानंतरच इथे डॉक्टरांनी सहामाही तपासणीत वजन आणि अंगावरच्या खुणा बघायचं सक्तीचं झालं. मला कॅमेऱ्याचा राग नाही. माझा राग आहे तो "कॅमेरा आहे, मग बाकी काही नको" या विचारावर.

रेवंडीची_लेक

मी मालवणकडची. माझी आई कुवेतला घरकामाला होती, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. आमच्याकडून आणि गोव्यातून अशा कितीतरी आया गेल्या. तुमच्याकडे "बाई विश्वासू आहे का" यावर बोलणं चालतं. आमच्या घरात "घर कसलं आहे" यावर चालायचं, आणि ते कळायला कुठलीच सोय नव्हती. बाईचे फोटो, वजन, धर्म, मुलं किती, सगळं मालकाला आधी दिसतं. मालकाबद्दल तिला काय दिसतं?

आणखी एक. दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर इसीआरचा शिक्का असतो, म्हणजे काही ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी तिला सरकारची परवानगी लागते. तिला आखातात कामाला जायचं तर वय निदान 30 लागतं, आणि भारत सरकारच्या ई-मायग्रेटवर करार नोंदवून परवानगी घ्यावी लागते. हे त्रासाचं आहे, पण निदान कुठेतरी तिचं नाव, पगार आणि मालकाचा पत्ता लिहिलेला असतो. सिंगापूर त्या ठरावीक देशांच्या यादीत नाही. म्हणजे तुम्ही गावाहून जिला नेता तिच्या कराराची आपल्याकडे नोंद होत नाही. श्रीरंग दादा, तुम्ही चांगले आहात हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. पण ताईंच्या घरच्यांकडे कराराची प्रत मराठीतून आहे का? तेवढी द्या. माझ्या आजीने ट्रंकेत जपून ठेवलेला आईचा करार अरबीत होता. तो आमच्यातल्या कुणालाच वाचता येत नव्हता.

श्रीरंग_को

मराठी प्रत नाही. मुद्दा बरोबर आहे, करून पाठवतो.

दिगंबर_जोशी

सगळे मालकांवरच तुटून पडलेत. चोऱ्या होत नाहीत का? दागिने जात नाहीत का? आमच्या शेजारच्या घरातून रोकड गेली होती. परक्या देशात पोलिसांत जायचं, कामावर रजा टाकायची, हे ज्याचं जातं त्यालाच कळतं. ओळखीच्या बाईच्या बाबतीत निदान घरचा पत्ता माहीत असतो.

मृण्मयी_सिं

दिगंबरकाका, चोऱ्या होतात. दागिने लॉकरमध्ये ठेवावेत, रोकड घरात ठेवू नये, हे मीही करते. पण संशय किती सहज घेतला जातो तेही बघा. पार्ती लियानी ही इंडोनेशियन हेल्पर चांगी विमानतळ कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांकडे 2007 पासून कामाला होती. तिला त्यांच्या मुलाच्या घरी आणि ऑफिसातही सफाईला पाठवायचे, जे परमिटच्या नियमाविरुद्ध आहे. 2016 मध्ये तिला अचानक काढलं, सामान बांधायला दोन-तीन तास दिले, आणि मग चोरीची तक्रार केली. 2019 मध्ये 26 महिन्यांची शिक्षा झाली. सप्टेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं, आणि ती सरकारकडे तक्रार करेल या भीतीने कुटुंबाने आधीच तिच्यावर आरोप केला असं मानायला जागा आहे, असं नोंदवलं. चोरलेल्या म्हणून दाखवलेल्या वस्तूंत एक बिघडलेला डीव्हीडी प्लेयर होता. तिचे वकील अनिल बालचंदानी फी न घेता लढले. तसा वकील मिळाला नसता तर ती आज चोर म्हणूनच ओळखली गेली असती.

आणि मुलाच्या घरी सफाईला पाठवणं आपल्याकडेही सर्रास चालतं. गणपतीत नणंदेकडे दोन दिवस हेल्पर पाठवली, त्यात काय एवढं, असं म्हणतात. परमिटवर एकच पत्ता असतो. दुसऱ्या घरी तिला कामाला लावणं बेकायदा आहे.

दिगंबर_जोशी

पार्तीचं वाचलं होतं. अन्यायच झाला. तरी एका खटल्यावरून सगळ्याच मालकांना खोटं धरू नका. न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातल्या देवयानी खोब्रागडेंना 2013 मध्ये घरकामाच्या बाईच्या व्हिसा आणि पगारावरून अटक झाली, तेव्हा आपल्या एका अधिकारी बाईला कसं वागवलं ते अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं.

वैदेही_कुलकर्णी

अटकेनंतरची झडती चुकीचीच होती, तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. पण तो सगळा गदारोळ चालू असताना मूळ प्रश्नावर आपल्याकडे जवळजवळ कुणीच बोललं नाही. अमेरिकी सरकारचा आरोप असा होता की व्हिसाच्या कागदावर तासाला 9.75 डॉलर लिहिले आणि वेगळा करार महिन्याला 30,000 रुपयांचा केला. दिल्लीहून नेलेली बाई. भारतातला पगार आणि परदेशातलं काम, यातूनच ते प्रकरण उभं राहिलं.

अर्चना७९

दिगंबरकाका, तुमच्यासारख्यांना आणखी एक भीती असते, ती दूर करते. बाई सुट्टीला गेली, तिने काही नियम मोडला किंवा ती गरोदर राहिली तर आपले पाच हजार बुडणार, म्हणून लोक तिला बाहेरच सोडत नाहीत. तिच्या वागण्यासाठी तुमचा बाँड जप्त होत नाही. नियम तिला आधी सांगितलेले असले आणि कळल्याबरोबर तुम्ही इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाला कळवलंत की झालं. ती बेपत्ता झाली आणि तुम्ही शोधायचा खरा प्रयत्न केलात, तर निम्मी रक्कम जाते. एवढ्यासाठी तिचे सगळे रविवार अडवायचे का?

नवीन_बाबा

शांतपणे वाचतोय, फेब्रुवारीत बाळ येणार आहे. मृण्मयीताई, मुलाखतीत नेमकं काय विचारायचं?

मृण्मयी_सिं

आधी तिला विचारू द्या. घरात माणसं किती, रात्री बाळाकडे कोण उठणार, मासे-मटण शिजतं का, तिला वेगळं शिजवता येईल का, फोन केव्हा वापरता येईल, झोपायची जागा व्हिडिओवर दाखवाल का. तिने काहीच विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. मग विचारा की आधीचं घर का सोडते आहे, आणि बाळाला ताप आला तर आधी काय करशील. पहिल्या उत्तरात तिने जुन्या मालकिणीला नावं ठेवली तर लगेच बिचकू नका, त्या मालकिणीलाही फोन करून ऐका. पगार आणि सुट्ट्या त्याच दिवशी लिहून तिला पाठवा. आणि मुलाखतीला आजीआजोबांनाही बसवा. दिवसभर तिच्यासोबत घरात तेच असणार आहेत.

श्रीरंग_को

यात एक जोडा. पहिले पंधरा दिवस दोघांपैकी एकाने घरी राहावं. आम्ही ताईंच्या वेळी राहिलो होतो. बाकी ओळखीच्या माणसाबद्दलचं माझं मत तेच आहे.