माइक अचानक बंद, सातला तास आहे. मदत हवी आहे

समीकरण, दुपारी ४:१०
परवापर्यंत व्यवस्थित चालणारा माइक आज बंद. समोरच्याला माझा आवाज अजिबात जात नाही, मला मात्र सगळ्यांचं नीट ऐकू येतंय. दोनदा रीस्टार्ट केलं. व्हॉल्यूम फुल्ल आहे. हेडफोन मोबाइलला लावून पाहिला, तिथे बोलणं जातंय. म्हणजे हेडफोन ठणठणीत, कंप्युटरच बिघडलाय. सातला मुलांचा ऑनलाइन तास घ्यायचाय. कृपया 'गूगल करा' सांगू नका, तेच करून इथे आलोय.

मधली_सुट्टी, ४:१८
लॅपटॉप की डेस्कटॉप? विंडोज कुठलं? माइक यूएसबीचा, पिनेचा की ब्लूटूथ? सगळ्या अ‍ॅपमध्ये बंद की एकातच? एवढं तरी लिहा हो, इथे कुणी ज्योतिषी बसलेला नाही.

समीकरण, ४:२१
विंडोज १०. सगळीकडे बंद.

मधली_सुट्टी, ४:२२
आणि उरलेलं?

कोपऱ्यातला_कोळी, ४:२५
ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि साउंड यांना जोडणारा प्रोग्रॅम. डोळे झाकून सांगतो. माझ्याकडे अपडेटनंतर डिट्टो असंच झालं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, साउंडच्या खाली रिअलटेक दिसेल, त्यावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. विंडोज स्वतःच परत टाकतं.

पेंग्विनभक्त, ४:३१
ड्रायव्हर उपटण्याआधी पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) घेऊन त्यावरून कंप्युटर सुरू करा, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (आवाज कमीजास्त करायचा प्रोग्रॅम) उघडा, एफ४ दाबलं की कॅप्चरचे, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाचे खांब दिसतात. तिथेही माइक मुका असेल तर दोष हार्डवेअरचा, बोलला तर विंडोजचा. आणि एकदा उबुंटू पाहिलंत की परत विंडोजकडे जावंसं वाटणारच नाही.

कोपऱ्यातला_कोळी, ४:३४
आले! कुणाचा माउस अडकला तरी हे उबुंटूच सांगणार. त्यांना सातला तास आहे, धर्मांतर करायचं नाहीये.

मंद्रसप्तक, ४:४०
मुळात कंप्युटरला थेट माइक लावणंच चूक. चांगला डायनॅमिक माइक घ्या, त्याला वीज लागत नाही. कंडेन्सर माइक घेतलात तर त्याला वायरीतूनच ४८ व्होल्ट वीज (फँटम पॉवर) देणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि कंप्युटरच्या मधला डबा लागेल. पॉडकास्टला एवढं हवंच.

समीकरण, ४:५८
मला पॉडकास्ट करायचा नाहीये. ड्रायव्हर काढला, आपोआप परत आला, फरक शून्य. अर्धा तास गेला. डेस्कटॉप आहे, लिहायचं राहिलं.

मधली_सुट्टी, ५:०३
धन्यवाद, एक उत्तर मिळालं. आता सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग मायक्रोफोन. अ‍ॅपना परवानगी आहे का बघा. त्याच पानावर अगदी खाली डेस्कटॉप अ‍ॅपसाठी वेगळं बटण असतं, ते हमखास नजरेतून सुटतं. मग विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून एमएमएसवायएस डॉट सीपीएल टाइप करा (आज्ञा इंग्रजी अक्षरांत). रेकॉर्डिंग टॅबवर माइकसमोर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे लिहा.

शब्दशः, ५:०६
अवांतर: वर्तमानपत्रं माइकला सर्रास 'ध्वनिक्षेपक' म्हणतात. क्षेपक म्हणजे फेकणारा. माइक आवाज घेतो, फेकतो तो स्पीकर. म्हणून 'ध्वनिग्राहक' म्हणावं.

खट्याळ_खार, ५:०९
माझाही प्रश्न विचारून घेते. समोरचे बोलले की त्यांना त्यांचाच आवाज परत ऐकू जातो. कारण काय असेल?

ताररहित, ५:१२
वायरी फेका, ब्लूटूथ हेडसेट घ्या. कटकटच नाही.

मंद्रसप्तक, ५:१४
ब्लूटूथ? माइक सुरू झाला की बहुतेक हेडसेट गाण्याच्या प्रोफाइलवरून हँड्सफ्रीवर, म्हणजे फोनवर बोलायच्या प्रोफाइलवर उतरतात आणि सगळा आवाज डबा होतो. काहीही सल्ले देऊ नका.

ताररहित, ५:१५
त्यांना गणित शिकवायचंय, मैफल नाही.

समीकरण, ५:२०
परवानग्या सगळ्या चालू आहेत. रेकॉर्डिंगमध्ये माइक करडा दिसतोय, खाली 'नॉट प्लग्ड इन' लिहिलंय. पण प्लग तर आहे! समोर दिसतोय मला!

कोपऱ्यातला_कोळी, ५:२२
बघा, ड्रायव्हरला ओळखता येत नाहीये. विंडोजचा नको, मदरबोर्डच्या साइटवरून टाका.

मधली_सुट्टी, ५:२४
थांबा हो कोळी. मशीन खरं बोलतंय की नाही ते आधी बघू. समीकरण, पिना किती आहेत आणि कुठल्या रंगाच्या भोकात आहेत?

समीकरण, ५:२९
एकच पिन, हिरव्यात. पहिल्यापासून हाच हेडफोन आहे.

मधली_सुट्टी, ५:३३
सापडलं बहुतेक. पिन बाहेर काढून उजेडात धरा. सोनेरी भागावर काळ्या रेघा दोन की तीन?

समीकरण, ५:३६
तीन. त्याने काय होतं?

मधली_सुट्टी, ५:४४
तीन रेघा म्हणजे चार कप्पे: डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि माइक. मोबाइलचं भोक चार कप्प्यांचं, म्हणून तिथे माइक चालला. डेस्कटॉपच्या मागे मात्र कामं वाटून दिलेली असतात, हिरव्यातून आवाज बाहेर, गुलाबीतून माइक आत. एकच पिन हिरव्यात घातलीत तर कान चालणार आणि माइक कुणालाच जोडलेला नसणार. त्याला दोन शेपट्यांची वाय केबल लागते. काही कॅबिनेटला पुढे दोन्हींचं मिळून एक भोक असतं, शेजारी माइकवाल्या हेडफोनचं चित्र काढलेलं असतं. तुमच्याकडे आहे का बघा.

शब्दशः, ५:४७
म्हणजे क्षेपक हिरवा, ग्राहक गुलाबी. मी अवांतर बोलत नव्हतो तर!

समीकरण, ५:५१
असं चित्र कुठेच नाही. आणि परवापर्यंत चालत होता ना हो? तेव्हा का चालला?

मधली_सुट्टी, ५:५३
तेच विचारतोय. परवा आणि आजच्या मध्ये काय हलवलंत?

समीकरण, ५:५५
काही नाही. काल फक्त कॅबिनेट ओढून मागची धूळ काढली.

मधली_सुट्टी, ५:५६
'फक्त'!

कोपऱ्यातला_कोळी, ५:५८
धुळीने काय होतंय. ड्रायव्हर टाकून बघितलात का?

समीकरण, ६:२१
मंडळी, मिळाली. पुसताना बोटभर लांबीची एक दुतोंडी काळी वायर निघाली होती. हेडफोनची वायर तशीही पुरतेय, मग हे एक्स्टेन्शन कशाला, म्हणून खणात टाकली. आत्ता जुन्या रिमोट आणि संपलेल्या सेलांच्या खालून उपसली. एका शेपटीवर इवलासा माइक कोरलाय, तो इतक्या दिवसांत आज दिसला. ती गुलाबीत, दुसरी हिरव्यात. 'नॉट प्लग्ड इन' लगेच गेलं. बोटाने टिचकी मारली की हिरवी पट्टी उडतेय! फक्त आवाज फार बारीक जातोय.

मंद्रसप्तक, ६:२४
इलेक्ट्रेट जातीचा (थोडी वीज लागणारा) माइक आहे तो, त्याला लागणारे थोडेसे व्होल्ट गुलाबी भोकच देतं. माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्स टॅब, तिथे मायक्रोफोन बूस्ट +१० डेसिबल करा. एकदम +३० वर नेऊ नका, श्वासही ऐकू जातील.

समीकरण, रात्री ८:१२
तास झाला. +२० ठेवलं होतं, मुलांना पंख्याची घरघर ऐकू गेली. आता +१० केलंय. मधली_सुट्टी, तुमचे पहिले चार प्रश्न वैतागून टाळले, त्याबद्दल सॉरी.

कोपऱ्यातला_कोळी, ८:२०
ड्रायव्हर नवा केला होता, म्हणून केबल लगेच ओळखली गेली. नोंद असावी.

खट्याळ_खार, ८:२६
आणि माझ्या इकोचं?

मधली_सुट्टी, ८:३१
तुमच्या स्पीकरचा आवाज तुमचाच माइक परत उचलतोय. स्पीकर बंद करून हेडफोन लावा.

खट्याळ_खार, ८:३३
आहे की हेडफोन. पण त्याचा माइक चालत नाही.