जर्मन 'झी' आणि आपलं 'ते'

भाचीने यंदा जर्मन घेतलंय, ए-वनला म्हणजे अगदी पहिल्या पातळीला आहे. परवा तिची वही चाळत होते. कुटुंबावर दहा वाक्यं लिहायची होती. त्यात बाबांबद्दल लिहिलं होतं, "माइन फाटर इस्ट आर्त्स्ट. झी आर्बाइटन इन पुणे." म्हणजे, माझे बाबा डॉक्टर आहेत, ते पुण्यात काम करतात. 'झी'भोवती बाईंनी लाल गोल करून वर 'एअर' लिहिलं होतं आणि क्रियापद बदलून 'आर्बाइटेट' केलं होतं. चूक तिला कळली होती, पण पटली नव्हती. "मावशी, बाबांना 'तो' कसं म्हणू?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जर्मनपेक्षा आपल्या 'ते'मध्ये जास्त आहे.

मराठी 'ते' तीन कामं करतं. ते लेकरू, ते मुलगे आणि ते आजोबा. पहिलं नपुंसकलिंगी एकवचन, दुसरं पुल्लिंगी अनेकवचन, तिसरा माणूस एकच, पण मान देऊन बोललेला. जर्मनमध्ये या तिघांना तीन वेगळी सर्वनामं लागतात : लेकराला 'एस', मुलग्यांना 'झी' आणि आजोबांना 'एअर'. हो, 'तो'च. ज्याच्याविषयी बोलतोय त्याच्यासाठी जर्मनमध्ये आदरार्थी सर्वनामच नाही. देशाचा चान्सलर असो की स्वतःचे आजोबा, 'एअर' आणि एकवचनी क्रियापद. त्यात अनादराचा लवलेश नसतो. आईच्या वाक्यात मात्र भाचीची चूक झाली नव्हती. आपण आईला 'ती'च म्हणतो आणि 'ती' म्हणजे 'झी'. घोटाळा फक्त जिथे आपण मान देतो तिथे होतो.

('एस'वरून आठवलं. 'मेटशेन' म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी, कारण 'शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की जर्मन शब्द नपुंसकलिंगी होतो. आपली वासरू, कोकरू, पिल्लू ही पिलावळ आठवा. गोव्याच्या माणसाला तर याचं नवल वाटूच नये. कोकणीत 'चेडूं' नपुंसकलिंगी आहे आणि मुलगी आली की 'तें आयलें' म्हणतात.)

आता 'झी'. तीही तीन कामं करते : ती, ते (अनेक) आणि आदरार्थी तुम्ही. उच्चार एकच. 'झी कोम्ट' म्हणजे ती येते. 'झी कोमन' म्हणजे ते येतात किंवा तुम्ही येता. या शेवटच्या दोघांमधला फरक ऐकून कळत नाही, संदर्भानेच लावावा लागतो. लिहिताना आदरार्थी 'झी'चं पहिलं अक्षर नेहमी मोठं असतं.

शिकवताना 'झी म्हणजे तुम्ही' असं सांगून पुढे जातात, ते मला पुरेसं वाटत नाही. मुळात हे 'तुम्ही' नव्हेच, हे तृतीयपुरुषी 'ते' आहे. जर्मनमध्ये आधी आदरासाठी 'ईअर', म्हणजे अनेकांना म्हणायचं 'तुम्ही', वापरत. 17व्या-18व्या शतकांत समोरच्यालाच 'ते' म्हणण्याची रीत रुळली. मराठी कानाला ही रीत परकी नाही. पंगतीत यजमान समोर बसलेल्यांनाच म्हणतात ना, "पाहुण्यांनी सावकाश जेवावं"? किंवा, "रावसाहेबांनी इकडे बसावं"? तोच हा आदर, अंतर राखून दिलेला. भाचीला हे सांगितल्यावर 'झी'ला अनेकवचनी क्रियापद का, हे तिला पाठ करावं लागलं नाही.

'तुम्ही'चीही फोड करावी लागते. दोन मैत्रिणींना "तुम्ही येता का?" विचारायचं तर "कोम्ट ईअर?", बाईंना विचारायचं तर "कोमन झी?". शिवाय हेच 'ईअर' दुसरीकडे 'तिला' आणि 'तिचा' म्हणूनही भेटतं, पण ते चतुर्थीपर्यंत पोचल्यावर बघावं.

'आम्ही' आणि 'आपण' यांना मात्र जर्मनमध्ये एकच 'वीअर'. "आम्ही सिनेमाला चाललोय" आणि "आपण सिनेमाला जाऊ" यांत ऐकणारा धरलाय की वगळलाय, हे आपण सर्वनामातच सांगून टाकतो. जर्मन माणसाला ते वेगळं सांगावं लागतं. इथे मला मराठी फार श्रीमंत वाटते.

आणि एक जोडी अशी जुळते की मला फार आनंद झाला. जर्मनमध्ये 'डू' (तू) म्हणण्याला 'डूत्सन' आणि 'झी' म्हणण्याला 'झीत्सन' अशी क्रियापदंच आहेत. आपल्याकडे अरे-तुरे करणे आणि अहो-जाहो करणे! शब्दकोशात यापेक्षा नेमका अर्थ देता येणार नाही. देवाला तेही 'डू'च म्हणतात, जसे आपण विठोबाला 'तू' म्हणतो.

एका ठिकाणी अडले आहे. ओळख वाढली की वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस आपण होऊन "आता आपण 'डू' म्हणू या" असं सुचवतो. याला ते 'डू देऊ करणं' म्हणतात. आपण "अहो-जाहो नको हं मला" असं म्हणतो खरं, पण या कृतीला मराठीत नाव काय? तुमच्या घरात, गावात एखादा शब्द असेल तर जरूर सांगा.