मदत हवी आहे: 'स्पेलबाइंडर' ही जुनी विज्ञानमालिका गावातल्या पोरांना मराठीतून दाखवायची आहे

सातपुडा_पायथा:

मंडळी, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावी (यावल तालुका) वाचनालयाच्या हॉलमध्ये पाचवी ते नववीच्या पोरांना 'स्पेलबाइंडर' दाखवायची ठरवली आहे. मालिका इंग्रजीत आहे आणि पोरांना एवढं इंग्रजी झेपणार नाही. अडचणी पुढे सांगतोच, पण आधी मालिकेबद्दल थोडं लिहू द्या. तिचं नाव निघालं की समोरचा 'कोणती?' असंच विचारतो, आणि इतक्या चांगल्या मालिकेच्या वाट्याला हे यावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९९५ ची, ऑस्ट्रेलिया आणि पोलंडने मिळून काढलेली, २६ भागांची मालिका. लेखक मार्क शिरेफ्स आणि जॉन थॉमसन. शाळेच्या कॅम्पला सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये गेलेला पॉल नावाचा पोरगा, एक खोडी अंगाशी येते आणि तो समांतर जगात जाऊन पडतो. तिथे आपल्याकडे झाली तशी औद्योगिक क्रांती झालेलीच नाही. गावं शेतीवर जगतात आणि राज्य करतात स्पेलबाइंडर. त्यांच्याकडे उडती जहाजं आहेत, हातातून वीज फेकणारे पोशाख आहेत. लोक त्याला जादू समजतात. पॉलला कळतं की हे विज्ञान आहे, फक्त कुणाला शिकवलं जात नाही.

मी ही मालिका खूप उशिरा, मोठेपणी पाहिली, तरी तिने मला धरून ठेवलं. मुलांची मालिका म्हणून कुठेही सोपं करून सांगितलेलं नाही. पॉल हुशार आहे, पण त्याची हुशारी आपल्या जगात तयार वस्तू वापरण्यातली. तिथे गेल्यावर त्याला वस्तूच्या मुळाशी जावं लागतं. अश्का नावाची स्पेलबाइंडर (हेदर मिचेलने काय काम केलंय!) त्याच्या डोक्यातलं विज्ञान स्वतःच्या सत्तेसाठी वापरू बघते, म्हणजे नुसतं ज्ञान असून भागत नाही, ते कुणाच्या हाती देतोस हेही बघ, असा पेच चौदा-पंधरा वर्षांच्या पोरासमोर येतो. आणि रियाना! तिथल्या गावातली ही पोरगी पुढे सिडनीत येते. तिच्या जगात जी ताकद मूठभरांकडे आहे, ती इथे घराघरात भिंतीवरच्या बटणात. आमच्या पोरांना दीपनगरच्या वीजकेंद्राची धुरांडी ठाऊक आहेत, शेतातून गेलेले टॉवर ठाऊक आहेत. वीज कशी तयार होते हे मात्र परीक्षेपुरतं. रियानाच्या डोळ्यांनी ते बटण एकदा त्यांनी बघावं, एवढ्यासाठी माझा खटाटोप.

आता अडचणी. मी पहिल्या भागाची मराठी उपशीर्षकं (सबटायटल) स्वतः लिहिली. लॅपटॉपवर नीट दिसतात, पण पेन ड्राइव्ह हॉलच्या टीव्हीला लावला की नुसते चौकोन. दुसऱ्या एका टीव्हीवर अक्षरं आली, पण जोडाक्षरं फुटलेली. हे कसं सोडवायचं?

दुसरं, पाचवीची पोरं वाचता वाचता चित्राला मुकतील अशी भीती वाटते. काही घरी लेवा गणबोली बोलतात, काही तडवी, पावरी. प्रमाण मराठीच त्यांना पुस्तकातली वाटते.

आणि परवानगीचं काय? कार्यक्रम फुकट आहे, तरी सार्वजनिक आहे. चोरून दाखवायचं नाही. मालिका काढणाऱ्या फिल्म ऑस्ट्रेलियाचा जुना संग्रह आता तिथल्या नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्हकडे आहे. अशा संस्थेला कुणी पत्र लिहिलंय का?

---

तारायंत्र:

चौकोन येतात म्हणजे त्या टीव्हीच्या प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) साठवली आहे ना ते आधी तपासा. जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते, तिथे फॉन्ट आहे पण अक्षरं जुळवणारी यंत्रणा नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये यातलं सहसा काही दुरुस्त होत नाही, उगाच वेळ घालवू नका.

सगळ्यात सोपं म्हणजे लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवर चालवा. लॅपटॉप दरवेळी मिळणार नसेल तर उपशीर्षकं चित्रातच छापून टाका: 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये वेळा जुळवायच्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट घ्यायचा, 'हँडब्रेक' या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बर्न इन' करायचं. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. आधी मिनिटभराचा तुकडा करून त्याच टीव्हीवर बघा. अक्षर मोठं ठेवा, मागच्या रांगेतल्या पोराला वाचता आलं पाहिजे.

पांझराकाठची_ताई:

दादा, मी धुळ्याला शाळेत शिकवते. पाचवी-सहावीच्या मुलांना उपशीर्षकांवर सोडू नका. एक जण माइकवर मराठीतून बोलत राहिला तर मुलं छान धरून राहतात. प्रत्येक वाक्य सांगायचं नाही. प्रसंग सुरू होताना कोण कुठे चाललंय आणि का, एवढं पुरतं. भांडण आणि पळापळ मुलांना आपोआप कळते. मोठ्या मुलांपैकीच दोघा-तिघांना तयार करा, भाग त्यांना आधी दाखवा आणि आपापल्या बोलीत सांगू द्या. एका संध्याकाळी दोनच भाग. मध्ये थांबून 'आता पॉलच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस' हे विचाराच.

अमळनेरना_भाऊ:

भाऊ, भलतं भारी काम हाती लिधं तुम्हीन! परवानगीसाठी साधा ईमेल करा. गावाचं नाव, पोरांची संख्या, तिकीट नाही, तारखा, आणि उपशीर्षकं तुम्हीच केली आहेत हे स्पष्ट लिहा. हक्क दुसऱ्या कुणाकडे असतील तर कुणाला विचारायचं तेही त्याच पत्रात विचारून टाका. पोलंडची सरकारी दूरचित्रवाणी टीव्हीपी हीही भागीदार होती, त्यांनाही प्रत पाठवा. उत्तर यायला वेळ लागतो, आजच पाठवा.

सातपुडा_पायथा:

तिघांचे मनापासून आभार. ताई, मोठ्या पोरांना निवेदक करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नववीतली एक मुलगी पावरी आणि मराठी दोन्ही झकास बोलते, तिलाच रियानाचे प्रसंग देतो. एचडीएमआय केबल भुसावळहून मागवली आहे. ईमेलचा मसुदा रात्री लिहितो आणि इथेच टाकतो, इंग्रजी कुणीतरी तपासून द्या.

अजून एक. याच लेखकांनी १९९७ मध्ये दुसरी मालिका केली, 'लँड ऑफ द ड्रॅगन लॉर्ड', चीनला सोबत घेऊन. त्यात सगळा कारभार ओरॅकल नावाच्या यंत्राच्या सल्ल्याने चालतो, आणि आजच्या पोरांना ती कदाचित जास्त जवळची वाटेल. तरी मी पहिलीपासूनच सुरू करणार. कुणी दोन्ही पाहिल्या असतील तर सांगा, पाचवीच्या पोरांना दुसरी झेपेल का?